मुलाला पोलिसांनी नेलं तर: पालकांनी काय करावं, काय टाळावं

‘मुलगा सतरा वर्षांचा आहे, पोलीस घेऊन गेलेत, ठाण्यात गेलो तर म्हणतात, उद्या या.’ ‘रिमांड होममध्ये ठेवलं तर दहावीचं काय?’ ‘याला आता सरकारी नोकरी कधीच मिळणार नाही का?’ पालकांचे हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा अपघात झाला आणि त्याला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हापासून तर गोंधळ आणखी वाढला. अल्पवयीन म्हणजे निबंध लिहून सुटका, असं काहींना वाटतं. कायदा आता बदललाय, सोळा पूर्ण झाली की थेट मोठ्यांसारखी शिक्षा, असं इतरांना वाटतं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

अठरा वर्षांखालच्या आरोपी मुलांना बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. पोलिसांच्या आणि सरकारी कागदांत अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवावं आणि संस्थेत पाठवणं हा शेवटचा उपाय समजावा, हे या कायद्याचं मूळ सूत्र आहे. पण त्यातले हक्क आपोआप पदरात पडत नाहीत. ते वेळेवर, ठामपणे आणि शक्यतो लेखी मागावे लागतात. त्यासाठी काय करायचं ते आता क्रमाने पाहू.

१. सगळ्यात आधी वय

मुलगा असो वा मुलगी, कायदा एकच आहे. बघायचं ते घटनेच्या दिवशीचं वय. ताब्यात घेतलं त्या दिवशीचं किंवा खटल्याच्या तारखेचं नव्हे. घटना घडली तेव्हा मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा होता आणि पोलीस दोन महिन्यांनी आले, तरी त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच जायला हवं. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही कृती भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय केलं हे कळण्याइतकी समज त्याला होती का, हे तपासलं जातं.

चार जणांच्या टोळक्यात एखादा एकोणीस वर्षांचा असतो आणि फिर्यादीत सगळ्यांच्याच नावापुढे ‘वय अंदाजे १९’ असं लिहिलं जातं. या ‘अंदाजे’ने एखादं अल्पवयीन मूल थेट मोठ्यांच्या कोठडीत पोहोचू शकतं. म्हणून ठाण्यात जाताना हातात जन्मतारखेचा कागद हवाच. कायद्याने पुराव्यांचा क्रम ठरवून दिला आहे:

- शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र. व्यवहारात शाळेच्या जनरल रजिस्टरचा म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा फार उपयोगी पडतो.
- हे नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.
- हे दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी. ती आदेशानंतर पंधरा दिवसांत व्हायला हवी.

आधार कार्डाला या यादीत स्थान नाही, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नका. हाडांच्या चाचणीतून अंदाज मिळतो, नेमकी जन्मतारीख मिळत नाही. त्यात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो आणि काठावरच्या वयात संशयाचा फायदा मुलाला मिळावा, ही मागणी वकिलाने करायला हवी. पारधी किंवा अन्य भटक्या-विमुक्त समाजातल्या, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबांत जन्माची नोंद नसते, शाळाही सुटलेली असते. अशा वेळी मूल पहिलीत जिथे बसलं होतं त्या शाळेत जा. जुन्या रजिस्टरमधली एक ओळही पुरावा ठरते.

वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मुक्त केलं. घटनेच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा कागद पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवा.

२. पोलीस ठाण्यात गेल्यावर

प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि जिल्ह्यात किंवा शहरात विशेष बाल पोलीस पथक. मुलाला ताब्यात घेतलं की त्याला लगेच यांच्या स्वाधीन करावं लागतं. ठाण्यात शिरल्यावर ‘साहेब कुठे आहेत’ असं विचारू नका. ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?’ असं विचारा. तुम्हाला कायदा ठाऊक आहे, हे एवढ्यानेही समोरच्याला कळतं.

पोलिसांवर कायद्याने आणि नियमांनी घातलेली बंधनं अशी:

- मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही.
- बेड्या किंवा दोरी लावता येत नाही, मारहाण किंवा दमदाटी करता येत नाही.
- आरोप काय आहे, हे मुलाला आणि पालकांना लगेच सांगावं लागतं. गुन्हा नोंदवला असेल तर एफआयआरची प्रत द्यावी लागते.
- चौकशी मुलाला दडपण येणार नाही अशा जागी व्हायला हवी, आणि त्या वेळी आई-वडील हजर राहू शकतात. मुलाच्या हितालाच बाधा येत असेल तर तेवढा अपवाद.
- मुलाकडून कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही.
- प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. मंडळाची बैठक नसेल, सुट्टी असेल, तरी मंडळाच्या एका सदस्यासमोर हजर करता येतं. ‘उद्या रविवार आहे’ ही सबब चालत नाही.
- मोफत वकील मिळावा म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं लागतं.

आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. मोठ्या माणसांसोबत केलेला गुन्हा किंवा अतिगंभीर (‘अघोर’) गुन्हा सोडला, तर मुलाविरुद्ध सहसा एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाणे दैनंदिनीत नोंद करून, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडून माहिती मंडळाकडे पाठवायची असते. ताब्यात घेण्याचा अधिकारही प्रामुख्याने अघोर गुन्ह्यांसाठीच आहे. साध्या चोरीच्या किंवा भांडणाच्या प्रकरणात, ‘मंडळासमोर अमुक तारखेला मुलाला घेऊन येतो’ असं लिहून देऊन तुम्ही त्याला घरी नेण्याची मागणी करू शकता.

तोंडी विनंतीवर थांबू नका. साध्या कागदावर असा अर्ज लिहा:

*‘माझा मुलगा (नाव) यास आज दि. … रोजी … वाजता … येथून आपल्या ठाण्याच्या पोलिसांनी ताब्यात घेतले आहे. त्याची जन्मतारीख … असून तो अल्पवयीन आहे. पुराव्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यास बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे, कोठडीत ठेवू नये, चौकशीवेळी मला हजर राहू द्यावे, जामिनावर माझ्या ताब्यात द्यावे. अन्यथा चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे, ही विनंती.’*

दोन प्रती काढा. एक ठाण्यात द्या; दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर ठाण्याच्या आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवा. ताब्यात घेतल्याची वेळ या कागदावर येणं फार महत्त्वाचं आहे, कारण चोवीस तास तिथूनच मोजले जातात.

सोडण्यासाठी कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. मुलाला मारहाण झाली असेल तर मंडळासमोर पहिल्याच दिवशी सांगा आणि वैद्यकीय तपासणीची मागणी करा. ‘आता नको, पुढच्या तारखेला बघू’ म्हणाल तर तोवर वळ गेलेले असतात.

३. वकील: मोफत, पण मुलाचा स्वतःचा

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, आणि देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. खासगी वकील करायचा असेल तरी हरकत नाही; मात्र बाल न्याय मंडळात काम केलेलाच शोधा. फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला प्रत्येक वकील या कायद्यात मुरलेला असतोच असं नाही.

वकील ठरवताना तीन गोष्टी सांभाळा:

- वकील मुलाचा आहे, तुमचा नाही. फी तुम्ही देत असाल, वकीलपत्रावर सही तुमची असेल, तरी त्याने मुलाशी एकांतात बोलायला हवं. बापासमोर मुलगा खरं बोलेलच असं नाही, आणि अर्धवट माहितीवर बचाव उभा राहत नाही.
- चार मुलांना मिळून एक वकील नको. ‘सगळ्यांची केस एकच आहे, खर्च वाटून घेऊ’ हा विचार महागात पडतो. तुमचा मुलगा नुसता बघत उभा होता आणि मारहाण दुसऱ्याने केली, हे ज्या वकिलाला सांगायचं आहे, तोच त्या दुसऱ्याचाही वकील असेल तर तो काय बोलणार?
- सगळे कागद मागा. एफआयआर, ताब्यात घेतल्याचा कागद, पंचनामा, वैद्यकीय अहवाल आणि मंडळाचा प्रत्येक आदेश यांच्या प्रतींची एक फाइल घरी ठेवा. वकील बदलायची वेळ आली तर हीच फाइल कामी येते.

पोलीस मागावर आहेत, पण मुलाला अजून ताब्यात घेतलेलं नाही, अशी स्थिती असेल तर अटकपूर्व जामिनाचा मार्गही वकिलाला विचारा. अल्पवयीन मुलालाही असा अर्ज करता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.

४. मंडळासमोरचा पहिला दिवस आणि जामीन

बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात. त्यांपैकी किमान एक महिला. तिथे उंच आसन किंवा आरोपीचा पिंजरा नसतो. सदस्य टेबलापलीकडे बसतात आणि मुलाशी थेट बोलतात. मुलाला आधीच सांगून ठेवा: मान वर करून बोल, कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हण, आणि आरोपाबद्दल काहीही सांगण्याआधी वकिलाशी बोल.

या कायद्यात जामीन हा नियम आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडायला हवं. ठाण्यातूनही सोडता येतं. नाकारायची कारणं तीनच:

1. सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मानायला सबळ आधार असणं.
2. त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असणं.
3. त्याच्या सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणं.

आणि कारण लेखी नोंदवावं लागतं. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढंच म्हणून भागत नाही. म्हणून तुमची तयारी या तीन मुद्द्यांना उत्तर देणारी हवी. दिवसभर घरी कोण असेल, शाळेत किंवा आयटीआयमध्ये कोण सोडेल, ज्या टोळक्यात तो अडकला त्यापासून दूर कसा ठेवाल, हे कागदावर मांडा. वस्तीत बदला घेतला जाण्याची भीती असेल तर काही महिने मामाकडे किंवा आत्याकडे ठेवायची तयारी दाखवा, आणि त्या नातेवाइकाला सोबत घेऊन या. शाळेचं बोनाफाईड, गुणपत्रिका, रेशनकार्ड, भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती जवळ ठेवा. जामीनदार मिळतच नसेल तर तुमच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करा. जामीन मंजूर होऊनही अटी पूर्ण करता आल्या नाहीत आणि मूल सात दिवसांनंतरही निरीक्षणगृहातच (म्हणजे रिमांड होममध्येच) असेल, तर अटी सैल करण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं.

पुण्याच्या त्या अपघात प्रकरणात लोकांच्या लक्षात निबंध राहिला. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते पुढचं. जामिनावर सुटलेल्या मुलाला लोकक्षोभानंतर निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. बाहेर संताप कितीही असो, जामिनाचे नियम तेच राहतात. ते गरिबाच्या मुलालाही तेवढेच लागू आहेत, आणि म्हणून ते मागितलेच पाहिजेत.

५. परिवीक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा

मुलाची माहिती मिळाल्यापासून दोन आठवड्यांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपास अहवाल मंडळाला द्यायचा असतो. बरेच पालक या भेटीला पोलीस चौकशी समजून बिचकतात किंवा घर सजवून सारं काही आलबेल असल्याचं दाखवतात. दोन्हींत मुलाचंच नुकसान होतं, कारण जामिनापासून अंतिम आदेशापर्यंत मंडळ हा अहवाल वाचतं.

प्रश्न साधारण असे असतात: कमावतं कोण? कामाच्या पाळ्या कशा? शाळा कधी आणि का सुटली? मित्र कोण? व्यसन आहे का? घरात मारहाण होते का? खरं सांगा. ‘माझी रात्रपाळी असते, त्या वेळी याच्यावर लक्ष नसायचं, आता आजीला आणून ठेवलंय’ या उत्तराला वजन असतं. ‘आमचा मुलगा हिरा आहे, पोलिसांनी गोवलाय’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मुलाला अभ्यास जड जात होता, फिट्स येत होत्या, कुणी मोठा माणूस त्याला पुड्या पोहोचवायला पाठवत होता, अशा गोष्टी अहवालात यायलाच हव्यात. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्यांविरुद्ध या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. अशा प्रकरणात तुमचं मूल आरोपी दिसत असलं तरी ते बळीही असू शकतं.

६. कलमं बघा: गुन्ह्याचा वर्ग कोणता?

पुढची सगळी वाट यावर ठरते.

- किरकोळ: कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत. साधी चोरी, साधी मारहाण यात येते.
- गंभीर: तीन ते सात वर्षांची शिक्षा असलेले गुन्हे. कमाल शिक्षा सातपेक्षा जास्त असली, पण किमान शिक्षा ठरवलेली नसली किंवा ती सात वर्षांपेक्षा कमी असली, तर तेही गुन्हे यातच.
- अघोर: ज्यांची किमान शिक्षाच सात वर्षं किंवा अधिक आहे. उदाहरणार्थ खून, बलात्कार.

लोकांच्या तोंडी ज्याला ‘हाफ मर्डर’ म्हणतात तो खुनाचा प्रयत्न. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण किमान शिक्षा ठरवलेली नसल्याने तो ‘गंभीर’ वर्गातच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा प्रश्न सोडवला आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच आला. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलावर फक्त हेच कलम असेल, तर त्याला मोठ्यांसारखा खटला चालवण्यासाठी पाठवता येत नाही. म्हणून प्रत्येक कलमाची किमान शिक्षा किती, हे वकिलाकडून लिहून घ्या.

मंडळाची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपायला हवी. आणखी दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होतं. तारखा मोजत राहा आणि मुदत उलटली की वकिलाकरवी लेखी अर्ज द्या.

७. सोळा ते अठरा आणि अघोर गुन्हा

फक्त याच मुलांबाबत मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती. गुन्हा केला की नाही, हे यात ठरत नाही. मूल्यांकनानंतर मंडळ प्रकरण स्वतःकडे ठेवतं किंवा मोठ्यांसारखा खटला चालवू शकणाऱ्या बाल न्यायालयाकडे पाठवतं. बचावाची सर्वांत मोठी लढाई इथेच असते.

- मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तज्ज्ञाच्या अहवालाची प्रत मागा.
- मुलाचे जुने वैद्यकीय कागद, शाळेतल्या शिक्षकांचं म्हणणं, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर ते आधीच द्या.
- निर्णय विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील करा. पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.
- प्रकरण वर गेलं तरी बाल न्यायालय पुन्हा स्वतः ठरवतं की मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला ‘सुरक्षित स्थळी’च ठेवतात. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

प्रेमप्रकरणातून लागलेला पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा): सतरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, दोघं पळून गेलेली आणि मुलीच्या घरच्यांची फिर्याद. अठराखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही आणि शरीरसंबंधाच्या कलमाला किमान दहा वर्षं शिक्षा आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. म्हणून प्रकरण थेट अघोर वर्गात जातं. अशा वेळी मुलीच्या घरी ‘मिटवायला’ जाऊ नका, दोघांचं लग्न लावू नका (तो बालविवाहाचा वेगळा गुन्हा होईल), आणि मुलीचं नाव किंवा फोटो कुणालाही पाठवू नका. दोघांमधले संदेश न पुसता, न बदलता वकिलाला दाखवा. नात्याचं खरं स्वरूप मूल्यांकनात मांडायचा तोच आधार आहे.

८. हमखास होणाऱ्या चुका

- ‘कबूल कर, आजच सुटशील.’ हा सल्ला पोलीस देतात, नातेवाईक देतात, कधी वकीलही देतात. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण मंडळापुढे दिलेली कबुली अंगाशी येते. न केलेला गुन्हा घाईने कबूल करायला लावू नका.
- मोबाइल साफ करणं. चॅट पुसणं, सिम तोडणं, कोयता नाचवतानाचं रील काढून टाकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि त्यात तुम्हीही आरोपी होऊ शकता.
- मुलाला गावी पळवणं. तो फरार ठरतो आणि जामिनाची बाजू लंगडी होते.
- वय वाढवून किंवा घटवून सांगणं. घटनेनंतर घाईने काढलेल्या नव्या दाखल्याकडे संशयाने पाहिलं जातं. नोंद असेल तीच द्या.
- तारीख चुकवणं. रोजगार बुडतो म्हणून गैरहजर राहिलात तर जामीन धोक्यात येतो. अडचण असेल तर आदल्या दिवशी वकिलाला कळवा.
- गाडीची चावी देणं. लायसन्स नसलेल्या मुलाने अपघात केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलालाही पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

९. अठरा पूर्ण आहे, पण…

घटनेच्या दिवशी नुकतंच अठरा ओलांडलेल्या तरुणाला बाल न्याय कायदा लागत नाही. त्याचं काय?

- अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, चोवीस तासांत न्यायालयात हजर करणं हे हक्क त्यालाही आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस देऊन बोलावावं लागतं. नोटीस आली तर टाळू नका. वकिलासह हजर व्हा.
- एकवीस वर्षांखालच्या दोषीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, परिवीक्षा कायदा, १९५८ नुसार तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा विचार करायला हवा. हा अर्ज वकिलाने करायलाच हवा. बऱ्याचदा कुणी करतच नाही.
- मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर शरीराचं वय मोजलं जातं, मनाचं नाही. पण पहिल्याच हजेरीला न्यायाधीशांना सांगा. दवाखान्याचे केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, दिव्यांग प्रमाणपत्र सोबत न्या. स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत तो आहे का, हे न्यायालयाला वैद्यकीय तपासणीतून ठरवावं लागतं. कोठडीत औषधं चालू राहावीत, असा लेखी आदेश मागा.
- ऐकू न येणारा, बोलता न येणारा किंवा मराठी न समजणारा आरोपी असेल तर दुभाषा मागणं हा हक्क आहे. गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाने मान हलवली, म्हणजे त्याला सगळं समजलं असं नव्हे.

१०. निकाल लागल्यावर

मंडळाने आरोप सिद्ध मानला तरी समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, तीन वर्षांपर्यंत पालकांच्या हमीवर परिवीक्षा, आणि सर्वांत शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, एवढे मार्ग त्याच्यापुढे असतात. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येतं.

नोकरीच्या काळजीचं उत्तर कायद्यातच आहे. बाल न्याय मंडळाने दोषी ठरवल्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. यातून वगळलीत ती फक्त सोळा पूर्ण झालेली, बाल न्यायालयाने मोठ्यांसारखं दोषी धरलेली मुलं. प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत त्याचा उल्लेख करायचा नसतो. केला तर आधी लेखी आक्षेप घ्या, मग उच्च न्यायालयाचा विचार करा. अल्पवयात लागलेल्या आरोपावरून नोकरी नाकारता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे.

मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता उघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरवणाराही त्यात येतो. पालकांनीही अनोळखी पत्रकाराला मुलाचं नाव सांगू नये. शाळेने नाव काढून टाकण्याची भाषा केली तर मंडळाकडे आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करा.

प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, तेव्हा अंतिम सल्ला वकिलाचाच घ्या. पण आजच करून ठेवण्यासारखी कामं आहेत. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बरोबर आहे का, ते तपासा. १५१०० आणि १०९८ हे क्रमांक फोनमध्ये घाला. आणि मुलाला सांगून ठेवा की काहीही झालं, कितीही मोठी चूक झाली, तरी पहिला फोन घरी करायचा. मुलं घरच्यांच्या भीतीने गप्प राहतात आणि मोलाचे तास वाया जातात. हातून चूक झाली असेल तर त्याची जबाबदारी मुलाने घ्यायलाच हवी. पण ती न्यायाच्या वाटेने, सोबत वकील आणि घरचं माणूस असताना घ्यावी, हा त्याचा हक्क आहे आणि तो मिळवून देणं तुमच्या हातात आहे.